आपली गोष्ट, आपल्या मुखाने

१. प्रास्ताविक

दुःख सांगितले की हलके होते, असे आपल्याकडील जुनी माणसे म्हणत आली आहेत. महाराष्ट्रातील स्त्रियांनी शतकानुशतके पहाटेच्या अंधारात जात्यावर बसून आपले सासर-माहेर, आपले कष्ट आणि आपली आस ओव्यांतून सांगितली. ऐकायला कोणी नसे, तेव्हा जातेच सखी होई. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या संकलित केल्या. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या स्त्रियांजवळ सांगण्यासारखे किती होते, याची ती मोठीच साक्ष आहे.

मात्र जात्याजवळ सांगितलेले दुःख बहुधा जात्याजवळच राहत असे. तेच दुःख चारचौघींसमोर सांगितले गेले, त्यावर विचार झाला, त्याचे नाटक उभे राहिले आणि ते नाटक सांगणारीच्या आईवडिलांनी समोर बसून पाहिले, तर काय घडते? लखनौ शहरातील एका शाळेने या प्रश्नाचे उत्तर कृतीतून शोधले. त्या शाळेची आणि तिच्या शिक्षणपद्धतीची ओळख आपण या पाठात करून घेणार आहोत.

२. उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• लखनौ शहराच्या कथनपरंपरेची थोडक्यात माहिती सांगता येईल;
• 'प्रेरणा' शाळेतील संवादवर्गाची पद्धत स्पष्ट करता येईल;
• स्वतःची गोष्ट सांगणे आणि समाजाचे दुःख हलके होणे यांतील संबंध उलगडून दाखवता येईल;
• या पद्धतीच्या मर्यादा व तिच्यासाठी आवश्यक असलेली दक्षता सांगता येईल;
• वाक्यातील कर्ता ओळखून प्रयोगानुसार वाक्यरचना करता येईल.

३. मूळ पाठ

(१) गोष्टींचे शहर

गोमती नदीच्या काठी वसलेले लखनौ हे उत्तर प्रदेशाच्या राजधानीचे शहर. अवधच्या नवाबांच्या काळापासून हे शहर बोलण्याच्या अदबीसाठी प्रसिद्ध आहे. येथे गोष्ट सांगणे ही एक कला मानली गेली. एकोणिसाव्या शतकात येथील दास्तानगो, म्हणजे कथा सांगणारे कलावंत, अमीर हमजाच्या अद्भुत कथा रात्ररात्र रंगवून सांगत. १८५८ मध्ये लखनौत सुरू झालेल्या मुन्शी नवलकिशोर यांच्या छापखान्याने पुढे या दास्तानीचे ४६ खंड प्रसिद्ध केले.

याच शहरात मर्सियाची परंपरा बहरली. इ. स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना हौतात्म्य आले. त्या प्रसंगावरील शोककाव्य म्हणजे मर्सिया. मीर अनीस (१८०३–१८७४) आणि मिर्झा दबीर हे या काव्यप्रकाराचे थोर कवी लखनौत होऊन गेले. मोहरमच्या मजलिसीत मर्सियाचे पठण सुरू झाले की शेकडो श्रोते एकत्र अश्रू ढाळतात. आपापल्या घरातील मृत्यूंचे आणि वियोगांचे दुःखही त्या अश्रूंत मिसळून जाते. दुःख एकट्याने वाहू नये, ते समुदायाने वाटून घ्यावे, ही जाण या शहराला नवी नाही.

तरीही या कथांचे नायक दूरच्या काळातले होते. गल्लीबोळांत, माजघरात राहणाऱ्या स्त्रीची स्वतःची कथा सांगण्याला येथे फारशी जागा नव्हती. १९३२ मध्ये लखनौत 'अंगारे' हा उर्दू कथासंग्रह प्रसिद्ध झाला. त्यात डॉक्टर रशीद जहाँ यांची 'पर्दे के पीछे' ही संवादरूप एकांकिका होती. सततच्या बाळंतपणांनी खंगलेली एक गृहिणी आपली व्यथा दुसऱ्या स्त्रीला सांगते, एवढाच तिचा विषय. या संग्रहाविरुद्ध मोठे वादळ उठले आणि १९३३ मध्ये तत्कालीन सरकारने त्यावर बंदी घातली. पडद्यामागचे बोलणे पडद्याबाहेर आले की समाज किती अस्वस्थ होतो, हे त्यावरून दिसून येते.

(२) एक शिक्षिका

याच लखनौत पुढे डॉ. उर्वशी साहनी यांनी शिक्षणाचे काम उभे केले. १९८० च्या दशकात त्यांच्या नात्यातील एका विवाहित तरुण बहिणीचा जळून मृत्यू झाला. या घटनेने त्यांच्या जीवनाला वेगळे वळण दिले. शिकल्यासवरलेल्या, खात्यापित्या घरातील मुलगीही आपल्यावरील अन्याय बोलून दाखवू शकत नाही आणि जवळच्या माणसांनाही तो वेळेवर दिसत नाही, याची टोचणी त्यांच्या मनाला लागली. आरंभी त्यांनी संकटात सापडलेल्या स्त्रियांना साहाय्य करण्याचे काम केले. परंतु संकट कोसळल्यावर धावून जाणे पुरेसे नाही, मुलगी लहान असतानाच तिचा आवाज घडायला हवा, असे त्यांचे मत झाले.

१९८६ मध्ये त्यांनी लखनौत 'स्टडी हॉल' ही शाळा सुरू केली. पुढे अमेरिकेतील बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला आणि १९९४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. या संशोधनाचा विषय होता उत्तर प्रदेशातील एका खेड्यातील प्राथमिक वर्ग. त्या वर्गातील मुले पाठ्यपुस्तकातील वाक्ये उतरवून काढण्यात दिवस घालवीत. मुलांनी स्वतःच्या गोष्टी रचाव्यात, त्या सांगाव्यात, लिहाव्यात आणि त्यांचा अभिनय करावा, अशी संधी तेथे देण्यात आली. स्वतःची गोष्ट लिहिण्यासाठी मूल अक्षर शिकते तेव्हा ते अक्षर त्याचे होते, हा अनुभव त्यांनी या कामातून घेतला. १९९४ मध्येच 'स्टडी हॉल एज्युकेशनल फाउंडेशन' ही संस्था स्थापन झाली.

(३) दुपारची शाळा

२००३ मध्ये या संस्थेने गोमतीनगर भागात गरीब वस्त्यांतील मुलींसाठी 'प्रेरणा' ही शाळा सुरू केली. सकाळी 'स्टडी हॉल' शाळेची मुले ज्या इमारतीत शिकतात, त्याच इमारतीत दुपारी 'प्रेरणा'च्या मुली शिकू लागल्या. दुपारची वेळ निवडण्यामागे कारण होते. यांतील अनेक मुली सकाळी आईबरोबर किंवा एकट्याने लोकांच्या घरी धुणी-भांडी, झाडलोट करीत. घरातील पाणी भरणे, स्वयंपाक आणि धाकट्या भावंडांना सांभाळणे हेही त्यांच्याच वाट्याला असे. सकाळची शाळा त्यांच्यासाठी बंद दारासारखीच होती. शाळेनेच आपली वेळ बदलली आणि ते दार उघडले.

मुली वर्गात आल्या, तरी अडचणी संपल्या नव्हत्या. वडिलांचे दारूचे व्यसन, घरातील मारहाण, वस्तीतील छेडछाड, भावाला दूध आणि बहिणीला उरलेसुरले, वयात येताच लग्नाची घाई, अशी अनेक ओझी त्या दप्तरासोबत आणत. गणिताच्या तासाला एखादी मुलगी गप्प बसून राही, ती गणित येत नाही म्हणूनच असेल असे नव्हते. रात्री घरात काय घडले, ते तिच्या मनात घोळत असे. 'मुकाट्याने सोस, घरातले बाहेर सांगू नकोस' ही शिकवण तिला अक्षरओळखीच्या आधीच मिळालेली असे.

म्हणून 'प्रेरणा'ने आपल्या ध्येयांत वाचन, लेखन आणि गणित यांच्या बरोबरीने आणखी एक गोष्ट ठेवली. प्रत्येक मुलीने स्वतःला समान हक्क असलेली व्यक्ती म्हणून ओळखावे, ही ती गोष्ट.

(४) संवादवर्ग आणि नाटक

या ध्येयासाठी शाळेने 'चिकित्सक संवाद' हा स्वतंत्र तास सुरू केला. ब्राझीलमधील शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे (१९२१–१९९७) यांच्या विचारांचा त्याला आधार आहे. प्रौढांना साक्षर करताना फ्रेरे आधी त्यांच्या जगण्यातील शब्द वेचून घेत आणि त्या शब्दांवर चर्चा घडवून आणत. शब्द वाचता वाचता माणसाने आपले जगही वाचावे, अशी त्यांची भूमिका होती.

संवादवर्गात मुली आणि शिक्षिका गोलाकार बसतात. गोलात पहिला आणि शेवटचा बाक नसतो. शिक्षिका एखादा साधा प्रश्न मांडते. 'घरात सर्वांत शेवटी कोण जेवते?' 'मुलगी झाली तेव्हा घरात काय बोलले गेले?' 'तुला भीती कोठे वाटते?' प्रश्न साधे असतात, पण उत्तरे साधी नसतात. एक मुलगी अडखळत बोलते. तिचे संपते तोच दुसरी म्हणते, 'आमच्याकडेही असेच होते.' मग तिसरी बोलते. आपल्या कपाळी आले म्हणून जे एकटीने सोसले, ते दहा घरांत घडते आहे, असे कळल्यावर प्रश्नाचे रूपच पालटते. 'माझ्यातच काही खोट आहे का?' या प्रश्नाच्या जागी 'हे सर्वत्र का घडते?' असा प्रश्न उभा राहतो.

यानंतर नाटकाचा भाग येतो. सांगितलेल्या गोष्टींमधून मुली एखादा प्रसंग रचतात. असा एक नेहमीचा प्रसंग घेऊ. घरी पाहुणे आले आहेत. पंधरा वर्षांची मुलगी चहाचा ट्रे घेऊन येते. मोठी माणसे आपसात बोलून तिचे लग्न ठरवून टाकतात. तिला कोणीच काही विचारत नाही. मुली हा प्रसंग आधी जसा घडतो तसा करून पाहतात. मग शिक्षिका विचारते, 'येथे वेगळे काय घडू शकले असते?' एक मुलगी वधूची भूमिका घेऊन वडिलांशी बोलण्याचा प्रयत्न करते. दुसरी आईला आपल्या बाजूला वळवू पाहते. तिसरी कायद्याचा आधार घेते. जी मुलगी वडील होते, तिला वडिलांची भीतीही समजू लागते. वस्तीत मुलगी सुरक्षित नाही, हुंडा वयाबरोबर वाढत जाईल, लोक नावे ठेवतील, ही त्यांची चिंता तिच्या तोंडून बाहेर पडते. वडील केवळ दुष्ट आहेत असे मानले की बोलणे खुंटते. त्यांची भीती कशाची आहे हे कळले की बोलण्याला वाट मिळते.

ब्राझीलचेच नाट्यकर्मी ऑगस्तो बोआल (१९३१–२००९) यांनीही प्रेक्षकाला रंगमंचावर बोलावून प्रसंगाचा शेवट बदलण्याची पद्धत रूढ केली होती. नाटक ही जणू जगण्याची तालीम ठरते. प्रत्यक्ष घरात वडिलांसमोर उभे राहण्याआधी मुलीने ते वाक्य मैत्रिणींसमोर अनेकदा उच्चारलेले असते.

(५) वर्गातून वस्तीत

गोष्ट वर्गातच राहिली, तर मुलगी बदलते, पण घर तसेच राहते. म्हणून मुलींनी आपली नाटके वस्तीत नेली. बालविवाह आणि घरातील हिंसा या विषयांवरील प्रयोग त्यांनी पालकांसमोर केले. आपल्याच लेकीला आपलीच गोष्ट मांडताना पाहणे आईबापांना सोपे नव्हते. परंतु समोरून कोणी उपदेश करीत नव्हते. त्यांचीच मुलगी आपल्याला काय वाटते ते सांगत होती. आयांसाठीही संवादाच्या सभा घेण्यात आल्या. ज्या बायकांना आयुष्यात कोणी 'तुम्हाला काय वाटते?' असे विचारले नव्हते, त्या तेथे बोलत्या झाल्या.

पुढे हे कामही विस्तारले. २००५ मध्ये सुरू झालेल्या 'डिजिटल स्टडी हॉल' या उपक्रमातून वर्गातील अध्यापनाचे चित्रीकरण करून ते ग्रामीण शाळांपर्यंत पोहोचवण्यात आले. केंद्र सरकारने २००४ मध्ये सुरू केलेल्या कस्तुरबा गांधी बालिका विद्यालय योजनेखाली उत्तर प्रदेशात सातशेहून अधिक निवासी विद्यालये उभी राहिली. 'आरोहिणी' या कार्यक्रमातून अशा विद्यालयांतील शिक्षिकांना संवादवर्गाचे प्रशिक्षण देण्यात आले. मुलींच्या शाळेपुरते थांबून भागणार नाही, हे ओळखून मुलग्यांसाठीही 'प्रेरणा' शाळा काढण्यात आली आणि तेथेही स्त्री-पुरुष समतेवर संवाद होऊ लागला. या सर्व अनुभवांवरील उर्वशी साहनी यांचा ग्रंथ २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला.

(६) दक्षता आणि मर्यादा

गोष्ट सांगण्यात सामर्थ्य आहे, तशी जोखीमही आहे. म्हणून अशा वर्गाला काही नियम पाळावे लागतात. कोणालाही बोलण्याची सक्ती नसते. गप्प राहण्याचा हक्क बोलण्याच्या हक्काइतकाच मोलाचा आहे. वर्गात ऐकलेले बाहेर कुजबुजायचे नसते. कोणी कोणाला हसायचे नसते. एका मुलीची गोष्ट नाटकात घ्यायची असेल, तर तिची संमती घ्यावी लागते आणि नावे-ठिकाणे बदलावी लागतात.

काही गोष्टी ऐकून शिक्षकाला स्वस्थ बसता येत नाही. बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणासाठी २०१२ मध्ये झालेल्या कायद्यानुसार, असा प्रकार कळल्यास त्याची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. तेव्हा 'मी कोणालाच सांगणार नाही' असे वचन शिक्षकाने आधीच देऊन बसू नये. खोल मानसिक आघातासाठी वैद्यकीय उपचारांची आणि समुपदेशनाची गरज असते. नाटकाचा तास त्यांची जागा घेऊ शकत नाही. तसेच मुलगी धीट झाली म्हणून घरचे दारिद्र्य आपोआप सरत नाही. शिष्यवृत्ती, सुरक्षित वाहतूक आणि पुढे रोजगार यांची जोड नसेल, तर आवाज मिळूनही वाट मिळत नाही.

(७) आपल्या मातीतला आवाज

लखनौच्या या मुली महाराष्ट्रातील वाचकाला परक्या वाटण्याचे कारण नाही. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत मुक्ता साळवे ही सुमारे चौदा वर्षांची मुलगी शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला. शाळेत जेमतेम तीन वर्षे शिकलेल्या त्या मुलीने आपल्या लोकांचे दुःख स्वतःच्या शब्दांत समाजापुढे ठेवले. त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी सुषमा देशपांडे यांनी 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग रंगमंचावर आणला. त्यात सावित्रीबाई स्वतःच प्रेक्षकांशी बोलू लागतात. खेड्यापाड्यांतील स्त्रियांना थोर पुतळ्याऐवजी एक हाडामांसाची बाई भेटली, ती 'मी' या एका शब्दामुळे.

दुसऱ्याने आपल्याविषयी सांगितलेली गोष्ट आणि आपण सांगितलेली आपली गोष्ट यांत मोठे अंतर असते. पहिल्या गोष्टीत आपण दयेचा विषय असतो. दुसऱ्या गोष्टीत आपण सांगणारे असतो, आणि गोष्ट पुढे कशी जावी हे ठरवण्याचा आरंभ तेथूनच होतो. काही कारणाने शाळा सुटलेला आणि पुन्हा पुस्तक हाती घेणारा प्रत्येक जण हा आरंभ करीतच असतो. शाळा का सुटली, ही त्याची गोष्ट. तो परत का आला, ही त्या गोष्टीची पुढची ओळ.

४. शब्दार्थ आणि टिपा

दास्तान – दीर्घ, अद्भुत कथा. मर्सिया – शोककाव्य. मजलिस – सभा, विशेषतः मोहरममधील शोकसभा. हौतात्म्य – तत्त्वासाठी आलेले मरण. चिकित्सक – बारकाईने तपासून पाहणारा. टोचणी – मनाला सतत लागून राहिलेली बोच. संमती – मान्यता, होकार. आघात – जबर धक्का. समुपदेशन – मनाच्या अडचणींत प्रशिक्षित व्यक्तीने दिलेले मार्गदर्शन. जोखीम – धोका पत्करण्याची बाब.

बालविवाह प्रतिबंध कायदा, २००६ : या कायद्यानुसार विवाहासाठी मुलीचे वय किमान १८ वर्षे व मुलाचे २१ वर्षे पूर्ण असावे लागते. संकटातील बालकांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे मदतीचे दूरध्वनी क्रमांक आहेत.

५. पाठगत प्रश्न

(अ) योग्य पर्याय निवडा.
१. 'प्रेरणा' शाळा सुरू झाली ते वर्ष –
(क) १९८६ (ख) १९९४ (ग) २००३ (घ) २०१७
२. मर्सिया म्हणजे –
(क) विनोदी कथा (ख) शोककाव्य (ग) नृत्यप्रकार (घ) विवाहगीत

(आ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. 'प्रेरणा' शाळा दुपारी का भरवण्यात आली?
२. संवादवर्गात मुली गोलाकार का बसतात?
३. मुक्ता साळवे हिचा निबंध कोणत्या नियतकालिकात छापला गेला?

६. भाषाभ्यास : वाक्यातील कर्ता

पुढील तीन वाक्ये वाचा.
(१) माझे लग्न ठरले.
(२) वडिलांनी माझे लग्न ठरवले.
(३) मी या लग्नाला नकार देते.

पहिल्या वाक्यात लग्न ठरवणारा कोण, ते कळत नाही. पाऊस पडावा तसे लग्न 'ठरले'. दुसऱ्या वाक्यात ठरवणारा स्पष्ट होतो. 'वडिलांनी' हा कर्ता असून 'ठरवले' हे क्रियापद 'लग्न' या कर्माच्या लिंगवचनानुसार चालते. हा कर्मणी प्रयोग होय. तिसऱ्या वाक्यात बोलणारी मुलगी स्वतः कर्ता आहे आणि 'देते' हे क्रियापद 'मी' या कर्त्यानुसार चालते. हा कर्तरी प्रयोग होय.

आपण बोलताना 'मार बसला', 'शाळा सुटली', 'पैसे गेले' अशी वाक्ये सहज वापरतो. अशा वाक्यांत घटना दिसते, पण ती घडवणारा झाकलेला राहतो. संवादवर्गात मुली पहिल्या वाक्यापासून तिसऱ्या वाक्यापर्यंत कसा प्रवास करतात, याचा विचार करा.

सराव : पुढील वाक्यांत घटना घडवणारा स्पष्ट होईल अशी वाक्ये तयार करा.
(१) माझी शाळा सुटली. (२) भांडे फुटले. (३) जमीन विकली गेली.

७. तुम्ही काय शिकलात

• लखनौ शहरात दास्तान आणि मर्सिया यांच्या रूपाने समुदायासमोर कथा सांगण्याची जुनी परंपरा आहे.
• डॉ. उर्वशी साहनी यांच्या संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेल्या 'प्रेरणा' शाळेत संवाद व नाटक हे शिक्षणाचे अंग झाले.
• स्वतःची गोष्ट सांगितल्याने लाज व एकटेपणा कमी होतो, दुःखाचे सामाजिक कारण दिसू लागते आणि पर्यायांची तालीम करता येते.
• नाटक वस्तीत गेल्यामुळे पालकही विचार करू लागतात.
• संमती, गुप्तता, कायदेशीर जबाबदारी आणि तज्ज्ञांचे साहाय्य यांचे भान ठेवणे आवश्यक असते.

८. पाठान्त प्रश्न

१. 'मर्सियातील दुःख' आणि 'संवादवर्गातील दुःख' यांतील साम्य व भेद स्पष्ट करा.
२. 'वडिलांची भीती कशाची आहे हे कळले की बोलण्याला वाट मिळते.' या विधानाचे स्पष्टीकरण तुमच्या परिसरातील उदाहरण देऊन करा.
३. 'गप्प राहण्याचा हक्क बोलण्याच्या हक्काइतकाच मोलाचा आहे.' असे लेखात का म्हटले आहे?
४. पंधरा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरवणाऱ्या वडिलांशी तिची मोठी बहीण बोलत आहे, अशी कल्पना करून आठ ते दहा वाक्यांचा संवाद लिहा. दोघांच्याही बोलण्याला योग्य न्याय द्या.
५. उपक्रम : घरातील किंवा शेजारच्या एखाद्या ज्येष्ठ स्त्रीला तिच्या लहानपणाविषयी विचारा. तिच्या परवानगीने तिची गोष्ट 'मी'ने सुरू होणाऱ्या वाक्यांत लिहून काढा आणि तिला वाचून दाखवा. तिने सुचवलेले बदल करा.

९. पाठगत प्रश्नांची उत्तरे

(अ) १ – (ग) २००३. २ – (ख) शोककाव्य.
(आ) १. अनेक मुलींना सकाळी घरकामासाठी जावे लागत असल्याने शाळा दुपारी भरवण्यात आली. २. गोलात पहिला व शेवटचा बाक नसतो, सर्व जणी समान असतात, म्हणून मुली गोलाकार बसतात. ३. मुक्ता साळवे हिचा निबंध 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापला गेला.
भाषाभ्यास (नमुना उत्तरे) : (१) घरच्यांनी माझी शाळा सोडवली. (२) मी भांडे फोडले. (३) काकांनी जमीन विकली.